हाक कुणाला मारायची?

पत्र तासगाव तालुक्यातून आलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलून आणि थोडं आटोपशीर करून इथे देते.

"ताई, मी मिरजेतल्या एका रुग्णालयात सहा वर्षं नर्स आहे. तंतुवाद्यं कशी बनवतात ते बघायला तो मिरजेत आला होता, तिथं आमची ओळख झाली. मागच्या महिन्यात सांगलीत आम्ही रजिस्टर लग्न केलं. तो जर्मन आहे, बव्हेरियात औग्सबुर्गजवळच्या एका लहान गावात राहतो. आता मला त्याच्याकडं जायचंय. एजंट म्हणतो आधी अपॉस्टिल करून घ्या. तिकडं मला नोकरी मिळेल का? आणि दादा म्हणतोय, जायच्या आधी हक्कसोडपत्रावर सही करून जा."

खाली आईनं स्वतः एक ओळ घातली आहे: "ताई, तिकडं तिला काय झालं तर आम्ही हाक कुणाला मारायची?"

बाळा, तुझ्या आईची ओळ मी चारदा वाचली. मी साताऱ्याची. लग्न होऊन जर्मनीत आले तेव्हा माझ्या आईच्या मनातही हेच होतं, पण तिनं ते विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. म्हणून त्या ओळीचं उत्तर शेवटी सावकाश देणार आहे. आधी तुझे प्रश्न घेते.

अपॉस्टिलवर, म्हणजे आपला दाखला परदेशात चालावा म्हणून मारून घ्यायच्या शिक्क्यावर, पैसे घालवू नकोस. भारत २००५ साली अपॉस्टिलच्या करारात आला, पण जर्मनीनं भारताच्या बाबतीत हरकत नोंदवली. त्यामुळे आपल्याकडचा तो शिक्का जर्मनीच्या कामाला येत नाही. दुबईला जाणाऱ्याचा किंवा फ्रान्सला जाणाऱ्याचा कागद वेगळा आणि तुझा वेगळा. एजंट फसवतोच आहे असं नाही, पण सगळ्यांना एकच साचा लावतो. जर्मन कचेरी तुझे दाखले पडताळायला सांगू शकते. तसं झालं, तर त्यांनी नेमलेला माणूस दाखला दिलेल्या कार्यालयात जाऊन मूळ नोंद बघतो आणि त्यात काही महिने जातात. म्हणून आजच ग्रामपंचायतीत जाऊन जन्मनोंदीचं रजिस्टर डोळ्यांनी बघ. आपल्याकडं कितीतरी जुन्या नोंदींत बाळाचं नावच नसतं. असलं तरी दाखल्यात एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यात दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं. आडनावात एक अक्षर इकडचं तिकडं असलं तरी आत्ताच नीट करून घे. घरच्यांना आणि शेजाऱ्यांनाही सांगून ठेव, की चौकशीला कुणी आलं तर घाबरू नका, जे आहे ते सांगा.

रजिस्टर लग्न म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालचं असणार. तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार हे सगळं झालेलं आहे, ते लग्न पक्कं आहे. प्रमाणपत्राच्या दोन-तीन प्रमाणित प्रती मात्र आत्ताच काढून ठेव. आणि "आधी टुरिस्ट व्हिसावर जाऊ, मग तिथंच कागद बदलू" असं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. जोडीदाराचा व्हिसा इथूनच घेऊन निघायचं असतं.

आता भाषा. ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

जर्मन नागरिकाच्या बायकोला व्हिसासाठी साधारणपणे ए-वन पातळीची परीक्षा लागते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, शंभरपैकी साठ गुण मिळाले की पास. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात ती देता येते. ए-वन म्हणजे नाव-गाव सांगणं, वेळ विचारणं, भाजी घेणं. तू ती सहज काढशील. पण तिथं थांबू नकोस, कारण तू नर्स आहेस. पत्नी म्हणून मिळणाऱ्या परवान्यावर तुला पहिल्या दिवसापासून कुठलंही काम करता येतं, वेगळी परवानगी लागत नाही. मात्र नर्सचं काम तिथं नियमानं बांधलेलं आहे. तुझं शिक्षण त्यांनी मान्य करावं लागतं आणि त्यासाठी साधारण बी-टू पातळीची, म्हणजे ए-वनच्या तीन पायऱ्या वरची भाषा धरतात. तोवर साहाय्यक म्हणून काम मिळतं, पगार कमी असतो. जर्मनीला नर्स हव्यातच, वाट खुली आहे. पण ती वाट भाषेतून जाते.

आणि नर्सिंग कॉलेजातून आत्ताच काय-काय घ्यायचं ते लिहून घे: प्रत्येक विषयाचे तास दाखवणारा पूर्ण अभ्यासक्रम, वॉर्डमधल्या प्रात्यक्षिकाचे तास, गुणपत्रिका, कौन्सिलची नोंदणी, आणि मिरजेच्या नोकरीचा कोणत्या विभागात किती वर्षं हे सांगणारा अनुभवाचा दाखला. तिथं गेल्यावर एका सहीसाठी वडिलांना तासगावातून किती हेलपाटे मारावे लागतील याचा विचार कर.

वर्गात शिकवतील ती जर्मन आणि त्याच्या गावची जर्मन सारखी नसेल, हे आधीच सांगते. वर्गात 'गूटन टाग' शिकवतील, गावात म्हातारी माणसं 'ग्र्यूस गॉट' म्हणतील आणि पुढचं अर्धं वाक्य गिळतील. आपल्या तालुक्यातल्या आजीचं बोलणं पुण्याच्या क्रमिक पुस्तकात सापडतं का? तसंच ते. पहिले महिने काही कळलं नाही म्हणून तू कमी हुशार ठरत नाहीस.

माझी एक गोष्ट सांगते. पहिल्या हिवाळ्यात नवरा चार दिवस कामाला बाहेरगावी होता आणि माझी दाढ ठणकायला लागली. रात्रभर मीठपाण्याच्या गुळण्या केल्या. सकाळी दातांच्या दवाखान्यात फोन लावला, पलीकडची बाई काहीतरी विचारत होती आणि मला एक शब्द लागेना. मी फोन ठेवून दिला. दोन दिवस तशीच काढली, कारण तोवर डॉक्टर, बँक, बसचा पास, अगदी कचऱ्याचा वारसुद्धा सगळं त्याच्या तोंडून चालायचं. त्यानं प्रेमानंच केलं होतं. पण त्या प्रेमानं मी मुकी झाले होते. तो परत आल्यावर मी एकच मागितलं: यापुढं माझे फोन मी लावणार, तू फक्त शेजारी बस.

विट्याजवळ माझं आजोळ. खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली, तशी माझी मावशी लग्न होऊन तमिळ मुलखात गेली होती. सोनं-चांदी गाळायचं दुकान खाली, संसार वर. तमिळ ती कुठल्या वर्गात शिकली नाही, रोज भाजीवालीशी भांडून शिकली. पण तिच्या गल्लीत आणखी चार घरं आपल्याकडची होती, संक्रांतीला वाण द्यायला कुणी तरी होतं. तुझ्या गावात ते नसेल. म्युनिकमध्ये मराठी माणसं भेटतील, गणपतीला जाशील, जीव हलका होईल. पण रोजचा शेजार जर्मनच असणार. सरकारी एकात्मता वर्ग असतो, बहुतेक सहाशे तास भाषेचा आणि शंभर तास तिथल्या व्यवस्थेचा. तो चुकवू नकोस. माझ्या पहिल्या मैत्रिणी मला तसल्याच वर्गात मिळाल्या. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो. त्या दिवसांत घराबाहेर जायला ठरलेलं कारण असलं, की माणूस तगतं.

सामानाबद्दल तू विचारलंच नाहीस, बरं केलंस. मसाले तिथं मिळतात. घरची चटणी तेवढी ने.

आता हक्कसोडपत्र. सही करू नकोस. निदान घाईत, निघायच्या गडबडीत, कुणाच्या डोळ्यांतल्या पाण्याकडं बघून तर नाहीच. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. नवरा हिंदू नसेल तर विशेष विवाह कायद्याच्या १९ व्या कलमानं तू एकत्र कुटुंबातून वेगळी झालीस असं धरलं जातं, पण वेगळं होणं म्हणजे वाटा बुडणं नव्हे. कुणी तसं सांगून सही मागत असेल तर सांगलीतल्या एखाद्या दिवाणी वकिलाला कागद दाखव. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन नव्यानं विकत घेता येत नाही. मात्र आधीची आहे ती ठेवता येते आणि वारशानं येणारीही घेता येते. म्हणजे आज सोडलेली जमीन उद्या पैसे देऊनही परत यायची नाही. दादावर राग धरू नकोस. द्राक्षबागेचं कर्ज, औषधांचा खर्च, बेदाण्याचा भाव, हे सगळं तोच वाहतोय. त्याला बाग कसू दे, उत्पन्न खाऊ दे, तसं लिहूनही दे. सातबाऱ्यावरचं नाव मात्र राहू दे. आणि गेल्यावर इथलं बचत खातं अनिवासी खात्यात बदलून घे, तो नियमच आहे.

आता आईसाहेब, तुमच्याशी बोलते.

तुमची भीती खुळी नाही. बहुतेक मुली सुखात राहतात, मीही राहिले. पण काही मुलींवर वाईट वेळ आली तेव्हा त्यांच्याकडं ना भाषा होती, ना पैसा, ना कुणाचा नंबर, हे मी जवळून पाहिलंय. जावई चांगलाच असेल. तरीही हे करून ठेवायचं. त्याच्यावर अविश्वास म्हणून नाही. चांगल्या घरालासुद्धा मागचं दार असतंच की.

पासपोर्ट तिच्याच कपाटात राहील. तिच्या एकटीच्या नावावर तिथं बँकेत खातं असेल आणि परतीच्या तिकिटाएवढे पैसे त्यात कायम राहतील. गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची असते, तो कागद आणि राहण्याचा परवाना यांचे फोटो तुमच्या फोनवर असू द्या. नवऱ्याचा आरोग्य विमा सरकारी पद्धतीचा असेल तर तिची कमाई सुरू होईपर्यंत ती त्याच विम्यात वेगळा हप्ता न भरता येते. ती नोंद झाली का, हे पहिल्याच महिन्यात तिला विचारा.

एक कायदा तुम्हाला दोघींना माहीत हवा. संसार तिथं तीन वर्षं एकत्र झाला, की पुढं नवऱ्यापासून वेगळं व्हावं लागलं तरी तिला साधारणपणे स्वतःच्या हक्कानं राहता येतं. आणि घरात मारहाण, छळ होत असेल तर तीन वर्षं पुरी व्हायची वाट बघावी लागत नाही. "बाहेर पडलीस तर देशातून हाकलतील" या एका वाक्यावर कित्येक जणी सोसत राहतात. ते वाक्य खरं नाही. अशा वेळी तिनं ११६ ०१६ हा नंबर लावायचा. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, आणि जर्मन न येणाऱ्या बाईसाठी दुभाषी जोडून देतात. जीवावरचा प्रसंग असेल तर ११० किंवा ११२.

हे नंबर ती तिथून लावेल. तासगावातून तुम्ही ११२ लावलात तर आपलेच पोलीस उचलतील. म्हणून तुमच्यासाठी वेगळा कागद करायचा. मोठ्या अक्षरात लिहा आणि भिंतीवर लावा. त्यांच्या गावच्या पोलीस ठाण्याचा साधा नंबर, सुरुवातीचं शून्य काढून त्या जागी ००४९ लावून. म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासाचा नंबर, बव्हेरिया त्यांच्याकडंच येतं. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार कशी नोंदवायची ते गावातल्या एखाद्या पोराकडून एकदा बघून घ्या. शेजारच्या एका घराचा नंबर, तो तिनं महिन्याभरात मिळवून द्यायचा. कागदाच्या कोपऱ्यात वेळेचा फरक लिहा: उन्हाळ्यात ते आपल्या साडेतीन तास मागं, हिवाळ्यात साडेचार.

रोज बोला, पण आठवड्यातून एकदा ती एकटी असताना बोला. जावयालाही हे उघड सांगा, की हा मायलेकींचा वेळ. त्या दिवशी जेवलीस का एवढ्यावर थांबू नका. या आठवड्यात स्वतः एकटी कुठं गेलीस, कुणाशी बोललीस, खात्यात किती आहेत, हे विचारा.

आणि कागदावर सगळ्यांत वर तुमच्या विहिणबाईंचा नंबर लिहा. अपरात्री त्यांचं दार सगळ्यांत आधी उघडेल. त्यांना मराठी येत नाही, तुम्हाला जर्मन येत नाही, पण तुम्ही लेकीचं नाव घेतलंत की त्यांना कळेल. विमानाची तारीख ठरायच्या आधी लेकीला शेजारी बसवा आणि तो नंबर एकदा तुमच्या हातानं लावून बघा.