फोटोची पाठ आधी बघा

तुमचा प्रश्न असा: खाडीच्या तोंडावरच्या जुन्या बंदरांमधल्या जहाजांचे आणि फुटलेल्या-बुडालेल्या बोटींचे जे फोटो फिरत असतात, त्यातले खरे कसे ओळखायचे आणि असे फोटो मिळतात कुठे?

आधी एक गोष्ट बेधडक सांगते. 'रामदास बोट' म्हणून जो फोटो तुमच्यासमोर येईल तो रामदासचा नाही असं धरूनच सुरुवात करा. खरा निघाला तर चांगलंच. मी हे इतकं ठामपणे सांगते कारण असा एक फोटो आमच्या घरात सत्तर वर्षं हार घालून पूजला गेला.

रामदासची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्येची सकाळ. मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यात माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ होते. गिरणीत साच्यावर काम करायचे, सणाला घरी येत होते. माझे काका तेव्हा पाच वर्षांचे. आजीच्या कडेवर बसून रेवसच्या धक्क्यावर बोटीची वाट बघितलेली त्यांना आठवते. बोट आली नाही.

आमच्या माजघरात एका आगबोटीचा फोटो होता. पुठ्ठ्यावर खळीने चिकटवलेला, काचेत बसवलेला, खाली शाईने लिहिलेलं 'रामदास'. दर आषाढ अमावास्येला काका त्याला हार घालायचे. आम्ही पोरं पाया पडायचो.

मला शंका आली ती बारावीत असताना, फोटोतल्या किनाऱ्यावरून. बोटीच्या मागे काठाला लागून एक घुमट आणि मिनार दिसतात. रेवसला असं काही नाही. पुढे कॉलेजच्या सहलीत दाभोळला गेले, होडीतून वाशिष्ठीच्या पात्रात आले आणि मागे वळून बघितलं तर समोर तोच घुमट. दाभोळची शाही मशीद, अगदी पाण्याजवळची. घरी येऊन काकांना म्हटलं, "काका, हा फोटो दाभोळचा आहे." काका म्हणाले, "बोट कुठेही जाते. दाभोळला गेली असेल एखादे वेळी."

बरोबरच होतं त्यांचं म्हणणं. नुसत्या जागेवरून बोट ठरत नाही.

मग मी भिंग घेऊन बसले. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, इंग्रजीत नाव रंगवलेलं, पण शेजारच्या पडावाच्या (शिडाच्या मोठ्या होडीच्या) डोलकाठीआड गेलेलं. फक्त शेवटचं अक्षर मोकळं होतं आणि ती एक सरळ उभी रेघ होती, म्हणजे 'आय'. रामदास संपतं 'एस'वर. काका म्हणाले, "ती नांगराच्या साखळीची सावली आहे." साखळी कुठेच दिसत नव्हती. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत आणि आईने मला गप्प बसायला सांगितलं.

मी पंधरा वर्षं गप्प बसले. सहा वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माजघराची भिंत ओली झाली, पुठ्ठा फुगला आणि फोटो आपोआप सुटून काचेच्या तळाशी घसरला. मागे मजकूर होता, मोडीत. तो फोटो म्हणजे टपालाने आलेलं कार्ड होतं! मोडी वाचणाऱ्या एका सरांकडे घेऊन गेले. आजोबांच्या मामांनी लिहिलेलं: आगबोटीने दाभोळास सुखरूप पोचलो, बोट लागली नाही (म्हणजे प्रवासात मळमळलं नाही), उद्या भरतीबरोबर पडावाने गोवळकोटास (चिपळूणजवळच्या बंदरात) निघतो, मुलांस आशीर्वाद. वर मिती, मार्गशीर्ष शुद्ध ७, शके १८५२. शकात ७८ मिळवले की १९३०. रामदास बांधली गेली १९३६ साली. विषय संपला.

घरात मात्र तो संपला नाही. काका म्हणाले, "माणूस तर गेला ना? मग फोटो कुठल्या बोटीचा याने काय फरक पडतो?"

फरक पडतो. हे मी त्यांना तेव्हा नीट सांगू शकले नाही, इथे सांगते. चुकीच्या बोटीला रामदास म्हटलं की दोन गोष्टी पुसल्या जातात. जी बोट माणसांना सुखरूप पोचवत होती ती बुडालेली ठरते, आणि मामा तर घरातून नाहीसेच झाले होते. त्यांनी बोट न लागता पोचल्याचं कौतुकाने कळवलेलं पत्र आम्ही खळ लावून पुठ्ठ्याला चिकटवलं होतं. बुडालेल्या चुलत आजोबांची आठवण मला कमी प्रिय नाही. पण त्यांच्या नावाने खोटी वस्तू पुजावी हे मला पटलं नाही, आजही पटत नाही.

आता तुमच्या कामाचं.

बोट बुडतानाचा जुना फोटो दिसला की तिथेच थांबा. त्या काळात बुडण्याचे फोटो जवळजवळ निघतच नसत, निघत ते नंतरचे. ५ ऑक्टोबर १८६४ च्या वादळाने हुगळीतली कलकत्ता बंदराची जहाजं काठावर फेकली. त्या काळी ओल्या काचेच्या प्लेटवर फोटो घेत आणि कॅमेरा काही सेकंद उघडा ठेवावा लागे. वादळात ते कसं जमणार? म्हणून त्या काळच्या खऱ्या फोटोत जहाज आडवं पडलेलं असतं, पाणी दुधासारखं सपाट दिसतं, आभाळ पांढरं असतं आणि हललेल्या माणसांची भुतं झालेली असतात. उसळत्या लाटा आणि तिरकं जहाज दिसलं तर ते चित्र आहे, नाहीतर हल्ली कॉम्प्युटरकडून बनवून घेतलेलं. अशा बनावट चित्रांत दोर बघा. डोलकाठीवरून निघालेला दोर बऱ्याचदा कुठेच बांधलेला नसतो.

रामदास बुडाली तेव्हाही आसपास कॅमेरा नव्हता. मुंबईत बातमी पोचायलाच कित्येक तास गेले.

दुसरं, पाणी वाचायला शिका. एका नांगरावर उभी असलेली बोट प्रवाह जिकडून येतो तिकडे तोंड करून राहते. आमच्या फोटोत नाळ उजवीकडे आहे. नदीतून दाभोळकडे तोंड केलं तर समुद्र डावीकडे येतो, म्हणजे बोटीचं तोंड चिपळूणकडे, नदीच्या वरच्या अंगाला. पाणी तिकडून समुद्राकडे चाललेलं, म्हणजे ओहोटी. काठाला उघडा पडलेला चिखलही तेच सांगतो. फोटो उलटा छापला असता तर हा मेळ बसला नसता. आमच्या चुलतभावाने नेटवर टाकलेली प्रत उलटीच होती आणि त्यात सगळ्यांच्या सदऱ्यांच्या गुंड्याही दुसऱ्या बाजूला गेल्या होत्या. वारा जोराचा असेल तर बोट वाऱ्याकडेही वळते, म्हणून एवढ्या एका खुणेवर निकाल देऊ नका.

महिना दिला असेल तर तपासा. पावसाळ्यात कोकण किनाऱ्याची आगबोट बंद असायची, त्यामुळे 'जुलैत दाभोळला आलेली बोट' म्हटलं की मला संशय येतो. रेवसची फेरी मुंबई बंदराच्या तोंडाशीच असल्याने ती पावसातही चाले, आणि रामदासचा घात तिथेच झाला.

रंग भरलेल्या फोटोतल्या धुराड्याच्या रंगावर काडीचाही विश्वास ठेवू नका. जुन्या प्लेटवर लाल काळा उमटायचा आणि निळा फिका. रंग भरणाऱ्याने तो मनानेच ठरवलेला असतो.

मिळतात कुठे? मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्याचं अभिलेखागार आहे, तिथे फोटोपेक्षा बंदरांची कागदपत्रं जास्त उपयोगी पडतील. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आणि ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात जहाजांच्या फोटोंचे मोठे साठे आहेत. पण आपल्या खाडीकाठच्या बंदरांचे सगळ्यात चांगले फोटो गावातल्या घरांमध्ये, ट्रंकांमध्ये आहेत. तिथे जा आणि मागची बाजू बघायला मागा. चिकटवलेला असेल तर वाफ देऊन सोडवू नका, चित्राचा थर निघून येतो. आमचा सुटला तो नशिबाने, तरी डावा कोपरा पुठ्ठ्यावरच राहिला.

आणखी एक, हे वर यायला हवं होतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पुरावा दाखवायचा असेल तर चारचौघांत दाखवू नका. मी शकाचं गणित जेवणाच्या पंगतीत मांडलं, ती माझी चूक. गणित चुकलं नव्हतं. काकांना नंतर एकटं गाठून मामांचं पत्र पूर्ण वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मुलांस आशीर्वाद म्हणजे कोणती मुलं?" १९३० मध्ये त्या घरात दोनच मुलगे होते. माझे आजोबा, आणि त्यांचा धाकटा भाऊ.