साध्या दिवशी जा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि आधी रागच आला. तुझ्यावर नव्हे, नगरसेविका म्हणून तुझ्या पालिकेतल्या पहिल्याच सर्वसाधारण सभेत 'जिवावर उदार होणाऱ्यांना हिशेब विचारतेस?' म्हणून तुला खाली बसवणाऱ्यावर. अग्निशमन बंबाचा पंप शेवटचा कधी चालवून बघितला, एवढंच तर तू विचारलं होतंस. वर तुलाच अपराधी वाटतंय, कारण २०२१ च्या जुलैत चिपळुणात तुझ्या मावशीला गच्चीवरून बोटीत घेणारे हात तू विसरलेली नाहीस. विसरूही नकोस. पण त्या हातांत फाटका होज पाईप कोणी दिला, हा प्रश्न उरतोच. फायरमनला पंपाबद्दल विचारलं तर तो दुखावत नाही गं, तो सांगायला टपलेला असतो. दुखतं ते दुरुस्तीची बिलं काढणाऱ्याला.

एकच गोष्ट सांगणार आहे आणि तू कंटाळलीस तरी पुन्हा सांगणार आहे. साध्या दिवशी जा. अग्निशमन केंद्रावर कुठे आग नसेल तेव्हा, पोलीस ठाण्यात कोठडीत कोणी नसेल तेव्हा. खारभूमीचा बांध राखणारा खेकड्यांची बिळं उधाणाच्या आधी बुजवतो, उधाणाच्या रात्री कंदील घेऊन धावत नाही. घटना घडल्यावर काय, मंत्रीही येतात. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० तान्ही बाळं गेली आणि राज्यभर फायर ऑडिटचे आदेश सुटले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला. आदेश तर होते ना?

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराचं तू कौतुकाने लिहिलंयस. १८८५ पासून तिथे पोलीस आणि अग्निशमन दोन्हींवर नागरिकांचा एकच आयोग आहे, आपल्याकडे असं का नाही, वगैरे. वाच, जरूर वाच. पण २०२३ च्या कायद्याने त्या आयोगाचा धोरण ठरवण्याचा अधिकार काढून पोलीस आणि अग्निशमन दलांच्या प्रमुखांना दिला, तेही वाच. कायद्याने दिलेलं कायदा परत घेतो. आणि तुझ्या हातात आहे ते तू अजून उघडूनसुद्धा बघितलेलं नाहीस.

अग्निशमन सेवा घटनेच्या बाराव्या अनुसूचीतच, म्हणजे पालिकांच्या कामांच्या यादीतच आहे. बंब पालिकेचा, चालक पालिकेचा, खर्चाला मंजुरी तुमची. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली इमारतीच्या मालकाने परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा द्यायचं असतं, जानेवारीत आणि जुलैत. फॉर्म बी म्हणतात त्याला. फेब्रुवारीत लेखी विचार, किती लॉजनी दिलं, किती मंगल कार्यालयांनी, किती नर्सिंग होमनी. यादीच नाही असं उत्तर आलं तर तेही लेखी घे. मग एखाद्या मंगळवारी सकाळी केंद्रावर जाऊन उभी राहा. पंप सुरू करायला सांग, लॉगबुक बघ, रात्रपाळीला कोण असतो आणि तो कायम की कंत्राटी ते विचार. 'एमआयडीसीचा बंब येतो की' असं कोणी म्हणालं, तर घाटवळणांतून यायला किती वेळ लागतो तेही विचार.

मी नगरसेवक असताना हे करायचो, म्हणून मला विघ्नसंतोषी म्हणत. पुढच्या निवडणुकीत पाडलं. पडलो ते बरंच झालं, असं मी म्हणणार नाही. वाईट वाटलं, अजून वाटतं. केंद्राचा प्रमुख माझ्या भजनातला गडी होता, त्याने बोलणं टाकलं. तो गेला तेव्हा त्याच्या दारात मला कोणी बसा म्हणालं नाही. पण माझ्या मुदतीत पंप दर महिन्याला चालला, आणि मी असेपर्यंत तरी त्याचा हिशेब सभेत विचारला गेला. उद्या मला निवडून दिलंत तरी तेच विचारीन.

आता पोलिसांचं. इथे नगरसेवकाला कवडीचा अधिकार नाही, पोलीस राज्य सरकारचे. गणपतीच्या आणि शिमग्याच्या आधी शांतता समितीला तुला बोलावतील. जा, चहा पी, पालखीच्या वाटेचं ठरव. मात्र तिला देखरेख समजू नकोस. तिथे ते सांगतात आणि आपण माना डोलावतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंग प्रकरणात जिल्ह्या-जिल्ह्याला पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीत ते जिल्ह्याऐवजी महसूल विभागाला केलं. म्हणजे कोकणच्या एका टोकाच्या दोडामार्गचा माणूस आणि दुसऱ्या टोकाच्या पालघरचा माणूस एकाच रांगेत!

तरी साध्या दिवशी करण्यासारखं इथेही आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे अटकेतल्या माणसांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप प्रत्येक ठाण्यात ठळक लावायला हवं. येता-जाता आत शिर, फलक बघ. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या निकालाने प्रत्येक ठाण्यात, कोठडीतसुद्धा, कॅमेरे सक्तीचे झाले. त्यावर लक्ष ठेवायला जिल्हा समिती सांगितली आहे आणि तिच्यात पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या प्रमुखाला जागा आहे. आपल्या अध्यक्षांना विचार, शेवटची बैठक कधी झाली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होईल.

तू म्हणतेस, ठाण्याचे साहेब सज्जन आहेत. असतील. सज्जन साहेबाची बदली होते, ठाणं इथेच राहतं.

राहिला तो तू पत्रात लिहिलेला, ठाण्यात रात्रभर बसवून ठेवलेला मुलगा. इथे साधा दिवस हातचा गेलाय. कोणी आधी बघितलं असतं, तर त्या रात्री कॅमेरा चालू होता की नाही हे आज ठाऊक असतं. चित्रण १८ महिने, निदान वर्षभर तरी ठेवायला न्यायालयाने सांगितलं आहे, पण त्या भरवशावर बसू नकोस. ते जपून ठेवा म्हणून त्याच्या आईचा अर्ज याच आठवड्यात जाऊ दे. एक ठाण्यात, एक अधीक्षकांकडे, दोन्हींवर आवक शिक्का घ्यायचा. मसुदा आधी मला दाखव. तुझ्या पत्रातले 'अमानुष', 'क्रूर' हे शब्द त्यात नकोत. किती वाजता नेला, किती वाजता सोडला, कोणत्या डॉक्टरला दाखवला, एवढं असलं की पुरे.

तुझा,
काका