बरीच वर्षं एचआयव्हीची औषधं घेतल्यावर गाल बसतात आणि पोट सुटतं, ते औषधांमुळेच का? गोळ्या बदलल्या तर शरीर पूर्ववत होतं का?

तुम्ही लिहिलंय की व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, कित्येक वर्षं सापडत नाही, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) उत्तम आहे, पण गाल बसलेत, हातापायांच्या काड्या झाल्यात आणि पोट मात्र पुढे आलंय. शिवाय गोळ्या काही महिने थांबवून बघाव्यात का, असंही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: थांबवू नका. स्मार्ट नावाच्या एका मोठ्या चाचणीत सीडी४ चांगला असलेल्या लोकांची औषधं मधेमधे थांबवून पाहिली होती. २००६ साली निकाल आले तेव्हा थांबवणाऱ्यांमध्ये आजारपणं आणि मृत्यू जास्त निघाले. औषधांचा ताण कमी झाल्यावर निदान हृदयाला तरी बरं वाटेल अशी आशा होती, पण हृदयविकारही त्यांच्यातच जास्त दिसला. आणि गोळ्या सोडून गाल काही भरून येत नाहीत.

आता मूळ प्रश्न. मी स्टॅव्युडीन या एचआयव्हीच्या जुन्या गोळीच्या काळातला पेशंट, त्यामुळे बसलेल्या गालांची मला चांगली ओळख आहे. अजूनही दाढी करताना जिभेने आतून गाल पुढे ढकलल्याशिवाय रेझर त्या खळग्यात नीट फिरत नाही. लाकडी बाकावर बसलं की हाडं टोचतात, कारण बसायच्या जागेवरची चरबी गेलेली असते. पोटऱ्यांवरच्या शिरा वर आलेल्या दिसतात, आणि लोक ‘व्यायाम जोरात चाललाय वाटतं’ म्हणून कौतुक करतात! म्हणून तुम्हाला माझा पहिला प्रश्न असा की पूर्वी कोणत्या गोळ्या घेत होता? आजच्या सोडा, सुरुवातीच्या वर्षांतल्या सांगा.

कारण गाल बसणं आणि पोट सुटणं आपण एका दमात सांगतो, पण त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. १९९८च्या सुमारास डॉक्टरांनी या बदलांची वर्णनं लिहायला घेतली तेव्हा त्यांनीही दोन्ही एकाच नावाखाली बांधलं आणि सगळा दोष प्रोटीएज इनहिबिटर नावाच्या एचआयव्हीच्या दुसऱ्या गटातल्या गोळ्यांवर टाकला. चरबी जाण्याचा मुख्य गुन्हेगार वेगळाच होता, हे पुढे कळलं: स्टॅव्युडीन, आणि त्याच्या खालोखाल झिडोव्युडीन. या गोळ्या विषाणूला स्वतःची नक्कल करू देत नाहीत, ते ठीकच. पण आपल्या पेशींमधल्या मायटोकाँड्रियांना स्वतःचा डीएनए वाढवायला जे एन्झाइम लागतं त्यालाही त्या अडवतात. पेशीची ऊर्जा बनते ती या मायटोकाँड्रियांमध्येच. त्या कमी झाल्या की चरबीच्या पेशी सुकतात, मरतात. गाल, दंड, मांड्या, ढुंगण, सगळीकडून कातडीखालची चरबी जाते. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्युडीन टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. तुम्ही या दोन गोळ्या कधी घेतल्याच नसतील, तर गाल बसण्याला वय, वजन उतरणं, थायरॉईड अशी दुसरी कारणं शोधावी लागतील.

गोळी बदलल्यावर चरबी परत येते का? येते, पण मुंगीच्या पावलाने. २००२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात स्टॅव्युडीन किंवा झिडोव्युडीन काढून अबॅकॅव्हिर हे एचआयव्हीचं दुसरं औषध दिलं. २४ आठवड्यांत हातापायांची चरबी सरासरी ३९० ग्रॅमच्या आसपास वाढली. मशीनला ती दिसली, डोळ्यांना नाही. पुढची काही वर्षं सुधारणा होत राहते, पण ज्याचे गाल पार आत गेलेत त्याचे पहिल्यासारखे होतील असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. चेहऱ्यासाठी फिलर, म्हणजे खळगा भरून काढणारं इंजेक्शन, हा खरा उपाय. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणाऱ्या संस्थेने) पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडच्या इंजेक्शनला २००४ मध्ये नेमक्या याच कारणासाठी मान्यता दिली. परिणाम कायमचा नसतो, दोनेक वर्षांनी पुन्हा करावं लागतं. काही जण याला चोचले म्हणतात. मला तसं वाटत नाही. चेहरा बघून कुणीतरी आजार ओळखेल या धास्तीने लोक लग्नाकार्याला जायचं सोडतात, गोळ्याही सोडतात.

पोटाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. आधी एक साधी गोष्ट करून बघा: उताणे झोपा आणि बेंबीच्या बाजूला चिमटीत किती चरबी येते ते पाहा. मऊ, चिमटीत भरपूर येणारी असेल तर ती कातडीखालची. पोट मोठं आणि टणक, पण चिमटीत फारसं काही येत नाही, असं असेल तर चरबी आत, आतड्यांभोवती साठलीय. हीच जास्त त्रास देणारी, साखर आणि हृदय दोन्ही बिघडवणारी. यात जुन्या औषधांचा वाटा असतो, विषाणूमुळे शरीरात राहून गेलेल्या दाहाचा असतो, आणि वयाचाही असतोच.

नव्या गोळ्यांनी गाल बसत नाहीत, पण वजन वाढतं. दक्षिण आफ्रिकेतल्या ॲडव्हान्स चाचणीत डोल्युटेग्रॅव्हिर ही नवी गोळी आणि टेनोफोव्हिर या औषधाचा नवा प्रकार, म्हणजे टीएएफ, एकत्र घेणाऱ्यांचं वजन सगळ्यात जास्त वाढलं, आणि बायकांचं पुरुषांपेक्षा अधिक. यात एक मेख आहे. एफाव्हिरेंझ ही आधीची गोळी आणि टेनोफोव्हिरचा जुना प्रकार, टीडीएफ, वजन थोडं दाबून ठेवतात. त्यामुळे त्या सोडल्यावर जे वाढतं त्यातलं सगळंच नव्या गोळीच्या माथी मारता येत नाही. एकदा वाढलेलं वजन गोळी बदलून फारसं उतरतं, असंही दिसलेलं नाही.

आतल्या चरबीसाठी टेसामोरेलिन नावाचं रोज टोचायचं इंजेक्शन आहे, २०१० मध्ये एफडीएने मान्य केलेलं. सहा महिन्यांत ती चरबी साधारण १५ टक्के कमी होते, इंजेक्शन थांबवलं की परत येते. सगळीकडे मिळतही नाही. चालणं आणि वजनं उचलणं हे ऐकून तुम्हाला कंटाळा आला असेल, पण हातपाय बारीक असलेल्यांनी नुसतं चालू नये, वजनं उचलावीतच. चरबी येणार नाही, पण स्नायूंनी हातपाय भरतात. उपाशी राहून वजन उतरवायला जाऊ नका. पोटाआधी चेहराच उतरतो.

मानेमागे उंचवटा आला असेल तर एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा: दम्याचा पंप, नाकातला स्प्रे किंवा सांध्यात घेतलेलं स्टेरॉइड इंजेक्शन. तुमच्या गोळ्यांत रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट (दुसऱ्या औषधांचा जोर वाढवणारी औषधं) असेल तर फ्लुटिकासोन, बुडेसोनाइड, ट्रायमसिनोलोन ही स्टेरॉइडं शरीरातून बाहेर पडत नाहीत, साठत जातात. चेहरा गोल होतो, मानेमागे चरबी येते, पोट वाढतं आणि सगळे समजतात एचआयव्हीच्या गोळ्यांनी झालं. हा प्रकार ओळखला गेला तर सुधारतो. पण पंप आपल्या मनाने एकदम बंद करू नका, ते धोक्याचं आहे.

उपाशीपोटी साखर, लिपिड (रक्तातली चरबी), रक्तदाब आणि कमरेचं माप, एवढं दरवर्षी करून घ्या. वय ४०च्या पुढे असेल तर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांबद्दल विचारा. २०२३ मध्ये आलेल्या रिप्रीव्ह चाचणीत ७,७६९ एचआयव्हीग्रस्त लोक होते, हृदयविकाराचा धोका फार नसलेले. पिटाव्हास्टॅटिन हे स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये हार्ट ॲटॅक, स्ट्रोक वगैरे ३५ टक्क्यांनी कमी झाले. रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट चालू असेल तर सिम्व्हास्टॅटिन हे दुसरं स्टॅटिन मात्र अजिबात चालत नाही. साखरेसाठी मेटफॉर्मिन असेल तर डोल्युटेग्रॅव्हिरबरोबर त्याचा डोस सहसा दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. साखरेचे डॉक्टर वेगळे असतील तर हे तुम्हालाच त्यांच्या कानावर घालावं लागेल.

आणि गोळ्या बदलायचं ठरलंच तर आधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीय का ते बघा. टेनोफोव्हिर त्या विषाणूलाही दाबून ठेवतं. तो अंगात असताना टेनोफोव्हिर काढलं तर यकृताला अचानक सूज येऊ शकते.