इंजिनाची ताकद वाढवावी की गाडीची किंमत राखावी?

आपल्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली गाडी टर्बो पेट्रोल इंजिनाची, मॅन्युअल गिअरची आणि चार वर्षे वापरलेली आहे. कंपनीच्या वाढीव वॉरंटीचे एक वर्ष अजून शिल्लक आहे आणि साधारण तीन वर्षांनी ती विकण्याचा आपला विचार आहे. ट्यूनिंग करणाऱ्याने आपल्याला ‘स्टेज टू’चे, म्हणजे प्रोग्रामबरोबर सुटे भागही बदलण्याच्या कामाचे, अंदाजपत्रक दिले असून त्यात ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) रिमॅपिंग, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी त्यातला प्रोग्राम बदलणे, मोठ्या व्यासाचा डाउनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारी नळी), नवा इनटेक (हवा आत घेणारी व्यवस्था) आणि मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबून इंजिनात सोडलेली हवा थंड करणारा भाग) धरलेला आहे. हा सगळा खर्च गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या १६ टक्के होतो. त्यातली निम्मी रक्कम बचतीतून आणि निम्मी वैयक्तिक कर्जातून उभी करायची, असे आपण ठरवत आहात, कारण ‘हा पैसा कुठे जात नाही, गाडी विकताना वसूल होतो’ अशी खात्री आपल्याला देण्यात आली आहे.

माझे मत आधीच सांगतो: कर्ज काढून हे काम मुळीच करू नये, आणि वॉरंटी संपेपर्यंत स्वतःच्या पैशानेही करू नये. त्यानंतर करायचे असेल तर तो पैसा शंभर टक्के हौसेचा खर्च म्हणून धरावा. हौसेला मोल नसते हे मला मान्य आहे, आणि महिन्याची गुंतवणूक बिनचूक चालू ठेवणाऱ्या माणसाने आपल्या आवडीवर चार पैसे खर्च केले तर सल्लागाराने नाक मुरडण्याचे कारण नाही. माझा आक्षेप आहे तो या खर्चाला गुंतवणूक म्हणण्याला, कारण तसे म्हटले की कर्ज काढणेही शहाणपणाचे वाटू लागते.

‘वसूल होतो’ हा दावा का टिकत नाही, ते जुन्या गाडीच्या बाजाराकडे पाहिले की कळते. विकणाऱ्याला गाडीची खरी हकीकत ठाऊक असते आणि घेणाऱ्याला ती ठाऊक नसते; या विषमतेमुळे सगळा बाजारच कसा खाली ओढला जातो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींचाच दाखला घेऊन मांडले आणि पुढे २००१ साली ते अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. घेणाऱ्याला शंका आली की तो सर्वांत वाईट शक्यता धरून भाव सांगतो. इंजिनात केलेला बदल नेमकी हीच शंका पेरतो: ही गाडी ताणून चालवली असेल का, क्लच आणि गिअरबॉक्स कितपत उरले असतील, रिमॅप करणारा जाणकार होता की शिकाऊ. आपण गाडी कितीही जपून वापरली असली तरी ते सिद्ध करण्याची सोय आपल्याकडे नसते. शिवाय अशी गाडी हवी असलेले गिऱ्हाईक मुळातच थोडे, आणि त्यातल्या बहुतेकांना स्वतःच्या पसंतीचे ट्यूनिंग करायचे असते, दुसऱ्याने केलेले नको असते. दुर्मिळ स्पोर्ट्स गाड्यांमध्ये नामवंत ट्यूनरने केलेल्या आणि बिलांसह जपलेल्या कामाला कधीकधी मोल मिळते हे खरे, पण तिथेही मूळ अवस्थेतली गाडी सहसा अधिक भाव खाते. आपली गाडी तर रोजच्या वापरातली आहे.

विकताना मूळ सुटे भाग पुन्हा बसवून मोकळे व्हावे, कोणाला कळणार आहे, असेही आपण लिहिले आहे. कळते. सराईत तपासनीस गाडी लिफ्टवर घेतो आणि आधी डाउनपाइपच्या फ्लँजकडे (नटांनी आवळलेल्या जोडाकडे) बघतो. आजूबाजूचे सगळे नट गंजलेले आणि तेवढे तीन-चार चकचकीत किंवा पान्याने कोपरे गोल झालेले दिसले की पुढचे प्रश्न सुरू होतात. मग एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा तुटलेल्या आहेत का, इंटरकूलरच्या नळ्यांवर कंपनीच्या एकदाच वापरायच्या क्लॅम्पऐवजी स्क्रूचे क्लॅम्प आहेत का, हे पाहिले जाते. स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीचा संगणक तपासण्याच्या जोडणीला, स्कॅनर लावला की ईसीयूतल्या प्रोग्रामचा पडताळणी क्रमांक वाचता येतो, आणि बऱ्याच गाड्यांमध्ये प्रोग्राम किती वेळा नव्याने लिहिला गेला याचीही नोंद राहते. मूळ फाइल परत घातली तरी ही नोंद पुसली जाईलच असे नाही. पकडले गेल्यावर होणारी भावाची घसरण ही बदल स्वतःहून सांगितल्यावर होणाऱ्या घसरणीपेक्षा मोठी असते, कारण तेव्हा गाडीबरोबर आपल्या शब्दाचीही किंमत उतरते. (घेणाऱ्यापासून दोष लपवणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे, नुसत्या हिशेबानेही ते परवडत नाही.) मूळ भाग परत बसवा, पण काय केले होते ते सांगून.

आता आकडे पाहू. गाडीची आजची किंमत १०० धरू आणि तीन वर्षांनी ती कोणताही बदल न करता ६० ला विकली जाईल असे गृहीत धरू. म्हणजे ४० चा घसारा आपल्याला तसाही सोसायचा आहे. अंदाजपत्रक १६ चे आहे, पण त्यात क्लच नाही, आणि इथे मला त्या अंदाजपत्रकाच्या प्रामाणिकपणाबद्दल थोडी शंका येते. टर्बो इंजिनात रिमॅपने ताकद १५ ते ३० टक्के वाढू शकते आणि टॉर्क (चाके फिरवणारा जोर) अनेकदा त्याहूनही जास्त वाढतो. हा वाढीव टॉर्क इंजिनाच्या मधल्या फेऱ्यांवर एकदम येतो आणि चार वर्षे झिजलेला मूळ क्लच वरच्या गिअरमध्ये घसरू लागतो. म्हणून क्लचचे ४ धरून एकूण खर्च २० झाला. विम्याचा वाढीव हप्ता, अधिक ऑक्टेनचे पेट्रोल, लवकर बदलावे लागणारे ऑइल आणि टायर यांसाठी वर्षाला दीड, म्हणजे तीन वर्षांचे साडेचार. गाडी बदलांसह विकली आणि ६० ऐवजी ५५ आले तर आणखी ५ गेले. एकूण साडेएकोणतीस. हीच गाडी मूळ अवस्थेत आणून विकली तर परत बसवण्याच्या मजुरीचे २ जातील, काढलेले भाग वापरलेले म्हणून विकून ६ मिळतील, गाडीचा भाव ६० च्या आसपास राहील, आणि एकूण खर्च साडेवीस होईल. यात एक न दिसणारा खर्च मिळवायला हवा: सुरुवातीचे २० जर वर्षाला ८ टक्के परतावा देणाऱ्या ठिकाणी ठेवले असते तर तीन वर्षांत त्यांचे २५.२ झाले असते. म्हणजे आणखी ५.२. पहिल्या मार्गाने हौसेची खरी किंमत ३४.७ आणि दुसऱ्या मार्गाने २५.७.

हे आकडे मी गृहीत धरलेले आहेत आणि आपण स्वतःचे घालून ते तपासावेत, पण त्यांतून दिसणारे प्रमाण फारसे बदलणार नाही. ४० चा घसारा तर होताच. त्यावर आणखी २५ ते ३५, म्हणजे गाडी बाळगण्याचा तीन वर्षांचा खर्च दीडपटीहून पुढे गेला. अर्धी रक्कम कर्जाची असेल तर व्याज वेगळे, आणि वैयक्तिक कर्जाचा दर आपल्या गुंतवणुकीच्या परताव्यापेक्षा सहसा बराच चढा असतो. ऋण काढून सण करू नये हे आपल्याकडे पूर्वीपासून सांगतात. इथे तर हप्ते फिटण्याआधीच बसवलेल्या भागांची किंमत अर्ध्याखाली येणार आहे.

या हिशेबात न मावणारी जोखीम इंजिनाची आहे. कंपनी इंजिनाची जुळणी करताना मुद्दाम हात राखून ठेवते, कारण तीच गाडी कोणी हलके पेट्रोल घालून चालवणार असते, कोणी कडक उन्हात घाट चढवणार असते आणि कोणी ऑइल बदलायला विसरणार असते. रिमॅप करणारा टर्बोचा दाब वाढवतो, इग्निशनचे टायमिंग पुढे आणतो आणि इंधनाचे प्रमाण बदलतो. म्हणजेच तो राखून ठेवलेला हात वापरून टाकतो. चांगले काम असेल तर इंजिन वर्षानुवर्षे सुखाने चालते. वाईट असेल तर नॉकिंगने (इंधन अवेळी पेटण्याने) पिस्टन फुटतो किंवा टर्बो जातो, आणि त्या दिवशी वॉरंटी असून नसल्यासारखी होते. म्हणून शिल्लक राहिलेल्या वर्षाला मी एवढे महत्त्व देतो. ते वर्ष म्हणजे आपण आधीच पैसे भरून घेतलेले संरक्षण आहे. आज रिमॅप केला तर त्यातला इंजिन आणि गिअरबॉक्सचा भाग आपण आपल्या हाताने धोक्यात घालाल.

विम्याचेही तसेच. इंजिनातला बदल विमा कंपनीला लेखी कळवला नाही तर अपघातानंतर दावा नाकारण्याचे कारण आपण तिच्या हातात आयते देता, मग अपघाताचा इंजिनाशी काही संबंध असो वा नसो. कळवला तर हप्ता वाढेल, आणि वाढूनही बसवलेल्या भागांची किंमत भरपाईत धरली जाईल की नाही हे वेगळे विचारून घ्यावे लागेल. गाडीवर अजून कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेच्या करारात बदलांविषयी काय म्हटले आहे, तेही वाचा.

डाउनपाइपबद्दल माझे मत अधिक कडक आहे. आपल्या अंदाजपत्रकात ‘कॅटलेस’ असा उल्लेख आहे, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकायचा. अनेक देशांत हे बेकायदा आहे. गाडी प्रदूषण चाचणीत नापास होऊ शकते, मागच्या ऑक्सिजन सेन्सरमुळे डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो आणि तो दिवा गप्प करण्यासाठी पुन्हा प्रोग्राममध्ये फेरफार करावा लागतो. त्यातच मूळ कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात, त्यामुळे तो गॅरेजमध्ये ‘राहून जाण्याची’ शक्यता दांडगी असते आणि विकताना नवा घेणे चांगलेच महाग पडते. अंदाजपत्रकातली ही ओळ खोडून टाका. ती खोडली तर मोठ्या इंटरकूलरची निकडही कमी होते आणि काम साध्या रिमॅपवर, म्हणजे ‘स्टेज वन’वर येऊन थांबते; त्याचा खर्च आपल्या आकड्याच्या बराच खाली असेल. बाहेरून काही दिसत नाही, सुटे भाग साठवावे लागत नाहीत आणि वाढीव ताकदीचा मोठा वाटा तेवढ्यातच मिळतो. नुसता इनटेक बदलून ताकद वाढते असे वाटत असेल तर ती समजूत सोडावी. वाढतो तो प्रामुख्याने आवाज.

एक पर्याय आपण विचारातच घेतलेला दिसत नाही. आपल्याच मॉडेलची किंवा त्याच वर्गातली, कंपनीनेच अधिक ताकदीची बनवलेली गाडी जुन्या बाजारात मिळते का ते पाहा. नवी असताना साध्या आणि ताकदवान गाडीच्या किमतीत जो फरक असतो तो चार-पाच वर्षांनी बराच आटलेला असतो, आणि तो फरक भरून मिळणाऱ्या गाडीत ब्रेक, क्लच, गिअरबॉक्स, थंड करण्याची व्यवस्था हे सगळे त्या ताकदीच्या मापाने आलेले असते. विमा कंपनीला काही समजावावे लागत नाही आणि विकताना तीच ताकद किमतीत धरली जाते. आपल्या २० मध्ये हा फरक बसत असेल तर मी निःसंकोच तिकडे वळेन. गाडी बदलण्याची दलाली आणि नोंदणीचा खर्च मात्र त्यात धरायला विसरू नका.

तसे जमत नसेल आणि हीच गाडी प्रिय असेल, तर या वर्षभरात दरमहा थोडी रक्कम वेगळी काढा. सहा महिन्यांच्या घरखर्चाचा आणीबाणीचा निधी त्यातून वगळा; त्याला हात लावायचा नाही. पहिला खर्च चांगले टायर आणि ब्रेक पॅड यांवर करा, कारण ते पुढेमागे बदलावेच लागणार आहेत आणि घेणाऱ्यालाही खटकत नाहीत. वॉरंटी संपल्यावर क्लचची स्थिती तपासून मग रिमॅपचा विचार करा. ट्यूनरकडून त्याच दिवशी, त्याच डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर), कामाआधीचे आणि कामानंतरचे मोजमाप मागा. कंपनी सांगते ती ताकद क्रँकवरची (इंजिनाच्या फिरत्या दांड्यावरची) असते आणि डायनो चाकांवरची मोजतो, त्यामुळे कंपनीचा छापील आकडा आणि डायनोचा कागद यांची थेट तुलना करू देऊ नका. ईसीयूतली मूळ फाइल आपल्या नावाने, आपल्या पेनड्राइव्हवर घ्या आणि पैसे चुकते करण्यापूर्वी ती परत घालून गाडी सुरू होते हे आपल्यासमोर दाखवायला सांगा. तीन वर्षांनी गाडी विकायच्या वेळी तो ट्यूनर धंद्यात असेलच, असे धरून चालू नका.