वाचकांचे प्रश्न : सॅपर आजोबांची कंपनी कशी शोधावी?

प्रश्न : माझ्या आईचे वडील दुसऱ्या महायुद्धात ‘खडकीच्या सॅपर्समध्ये’ होते, एवढेच आम्हांला ठाऊक आहे. ते वाळवा तालुक्यातील, व्यवसायाने सुतार. १९४१ च्या सुमारास भरती झाले आणि १९४६ मध्ये घरी परतले. आफ्रिकेत त्यांनी सुरुंग काढले आणि इटलीत पूल बांधले, असे आजी सांगत असे. डिस्चार्जचे कागद २०१९ च्या पुरात गेले. आता घरात तीन तारे, दोन गोल पदके, टोपीचा बिल्ला आणि गणवेशातील एक फोटो उरला आहे. पदकांवर नाव नाही. सर्वांची छायाचित्रे सोबत पाठवीत आहे. आजोबा नेमके कोणत्या तुकडीत होते आणि कोठे कोठे गेले, हे आता कळू शकेल का?
– एक वाचक भगिनी, जि. सांगली

उत्तर : कळू शकेल, परंतु आपण ज्या क्रमाने कळेल अशी अपेक्षा करीत आहात त्या क्रमाने नव्हे. आजोबांच्या नावाची फाइल कोठेतरी जपून ठेवलेली असेल आणि ती उघडताच सगळा प्रवास समोर येईल, असे सहसा घडत नाही. साध्या जवानाविषयी सरकारदरबारी उरते ती बहुधा एक ओळ. त्याच्या कंपनीविषयी मात्र महिन्यामहिन्याची, काही वेळा दिवसादिवसाची नोंद उरते. म्हणून आधी कंपनीचा क्रमांक मिळवावा आणि मग त्या कंपनीच्या मागोमाग जावे.

त्याआधी ‘खडकीचे सॅपर्स’ ही घरातील समजूत तपासून घ्यावी. सॅपर्स म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी दलातील जवान. लष्करात सुतार, लोहार, गवंडी, फिटर अशा कारागिरांना घेणारे दल एकच नव्हते. युद्धकाळातील रॉयल बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सचे, म्हणजे आजच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे, मुख्यालय खडकीला होते व आजही आहे. परंतु मद्रास सॅपर्सचे केंद्र बंगळूरला आणि बंगाल सॅपर्सचे रूडकीला होते. वाहने, तोफा व यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांचे वेगळे दल १ मे १९४३ रोजी स्थापन झाले. ते आजचे ई.एम.ई. असून त्याचे अभिलेख कार्यालय सिकंदराबादला आहे. रस्ते व मजुरीची कामे करणाऱ्या पायोनियर तुकड्या निराळ्या, आणि लष्कराची बांधकामे पाहणाऱ्या एम.ई.एस.मध्ये काम करणारे कित्येक जण तर मुलकी नोकर होते. या सर्वांविषयी घरोघरी ‘इंजिनियर्समध्ये होते’ असेच सांगितले जाते. बिल्ल्यावरील अक्षरे भिंगाखाली वाचल्यास हा प्रश्न बहुधा मिटतो. आपण पाठविलेल्या छायाचित्रात ‘बॉम्बे’ आणि ‘सॅपर्स’ हे दोन्ही शब्द दिसतात, तेव्हा आपल्या बाबतीत खडकीपासूनच सुरुवात करणे योग्य.

आता पदकांकडे वळू. त्यांवर नाव नाही म्हणून ती मुकी आहेत असे समजू नये. प्रत्येक ताऱ्याच्या मध्यभागी राजमुद्रेभोवती त्याचे नाव असते. आपल्याकडील तीन तारे अनुक्रमे १९३९–४५, आफ्रिका आणि इटली यांचे आहेत. आफ्रिका स्टारसाठी १० जून १९४० ते १२ मे १९४३ हा काळ धरलेला आहे आणि त्यात इजिप्त–लिबियाबरोबरच सुदान, इरिट्रिया व ॲबिसिनिया (आजचा इथिओपिया) हेही येतात. इटली स्टारचा काळ ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ असा आहे. बर्मा स्टार नाही, याचाही अर्थ आहे. आफ्रिकेत लढलेली पाचवी भारतीय डिव्हिजन पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली, तर चौथी, आठवी व दहावी या तीन डिव्हिजन इटलीत उतरल्या. म्हणजे आजोबांची कंपनी या तिघींपैकी एकीबरोबर असावी, किंवा डिव्हिजनला न जोडता कोअर अथवा आर्मी या त्याहून मोठ्या दलांच्या हाताखाली ठेवलेल्या कंपन्यांपैकी ती एक असावी.

आपल्या छायाचित्रात आफ्रिका स्टारच्या फितीवर एक अरुंद धातूची पट्टी दिसते आणि तीवर ‘एट्थ आर्मी’ असे कोरलेले आहे. माझ्या मते आपल्या घरातील सर्वांत मोलाचा पुरावा हीच पट्टी होय. २३ ऑक्टोबर १९४२ ते १२ मे १९४३ या काळात, म्हणजे एल अलामेनच्या लढाईपासून ट्युनिशियातील शेवटापर्यंत, जे ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीत होते त्यांनाच ती मिळे. त्या काळात दहावी डिव्हिजन सायप्रसमध्ये आणि आठवी इराक व आसपासच्या प्रदेशात होती. चौथी डिव्हिजन मात्र अलामेनला होती व ट्युनिशियापर्यंत गेली. त्यामुळे अंदाज चौथ्या डिव्हिजनकडे किंवा आर्मीच्या कंपन्यांकडे झुकतो. हा अजून अंदाजच आहे. पदके एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जातात, भावाभावांची एकत्र होतात, जुन्या फिती बदलताना पट्ट्या इकडच्या तिकडे होतात. म्हणून कागदाचा आधार मिळेपर्यंत तो वहीत पेन्सिलीने लिहावा.

कागदाचा आधार खडकीच्या अभिलेख कार्यालयात मिळण्याची शक्यता आहे. येथे एक गोष्ट समजून घेतल्यास निराशा टळेल. ज्यांना निवृत्तिवेतन मिळत नव्हते अशा जवानांची सेवापुस्तके ठरावीक मुदतीनंतर, साधारणपणे २५ वर्षांनी, नियमानुसार नष्ट केली जातात. युद्धासाठी भरती होऊन १९४६ मध्ये घरी पाठविलेल्या बहुतेकांना निवृत्तिवेतन नव्हते. उरते ती ‘लाँग रोल’ नावाची नोंदवही, आणि ती कायम ठेवली जाते. तीत क्रमांक, नाव, वडिलांचे नाव, गाव, भरतीची व मुक्ततेची तारीख, हुद्दा असा मजकूर एकाच ओळीत असतो. म्हणून अर्जात ‘आजोबांची सर्व माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नये. ‘लाँग रोलमधील नोंदीची प्रत, तसेच त्यांची कंपनी नमूद असल्यास तिचा क्रमांक मिळावा’ असे नेमके मागावे. नाते दाखविणारे कागद, म्हणजे आजोबांचा मृत्यूचा दाखला, आईचे त्यांच्याशी नाते दाखविणारा दाखला आणि आपले ओळखपत्र, यांच्या प्रती जोडाव्यात. साध्या पत्राला उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. परंतु पहिले पाऊल साध्या, विनयपूर्ण पत्राचे असावे, कारण जुन्या वह्या चाळणारा लिपिक हाच येथे आपला खरा मदतनीस असतो.

लष्करी क्रमांक कोठे सापडतो का, ते अवश्य पाहावे. फोटोच्या मागे, ट्रंकेच्या झाकणावर, आजीला आलेल्या मनीऑर्डरीच्या पावतीवर किंवा पत्राच्या पाकिटावर तो असू शकतो. मात्र त्या काळी प्रत्येक दलाची क्रमांकांची मालिका स्वतंत्र असे, म्हणून दलाचे नाव न देता केवळ क्रमांक दिल्यास भलताच इसम हाती लागण्याचा संभव असतो.

नावाविषयीही सावध राहावे. भरतीच्या वेळी लिपिकाने कानावर पडले तसे इंग्रजीत लिहिले. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळविणाऱ्या नामदेव जाधवांचे आडनावसुद्धा अधिकृत नोंदीत ‘जाधव’ न राहता ‘जादव’ असे उतरले आहे, तर साध्या सॅपरच्या नावाची कोणी काळजी घेतली असेल, अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. आडनाव गाळलेले, वडिलांचे नाव आडनावाच्या जागी घातलेले, ‘पाटील’चे स्पेलिंग तीन तऱ्हांनी केलेले, असे सर्व प्रकार आढळतात. अर्जात संभाव्य रूपे सर्व द्यावीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जिल्हा त्या वेळचा द्यावा. १९४१ मध्ये सांगली जिल्हा अस्तित्वातच नव्हता. वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. आजच्या रायगडचे वाचक असाल तर ‘कुलाबा’, सिंधुदुर्गचे असाल तर ‘रत्नागिरी’ किंवा ‘सावंतवाडी संस्थान’ असे लिहावे लागेल.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करावी. महायुद्धात भाग घेतलेल्या, पण निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकांना व त्यांच्या विधवांना राज्य शासन मासिक अर्थसाहाय्य देते. आजोबांनी किंवा आजींनी कधी त्यासाठी अर्ज केला असेल, तर पुरात गेलेल्या डिस्चार्जच्या कागदाची एखादी प्रत तेथील जुन्या प्रकरणात निघू शकते. माजी सैनिक म्हणून सरकारी जमीन मिळाली असल्यास तिचा फेरफारही काढून पाहावा. गावातील चावडीवर किंवा देवळाच्या भिंतीत असलेल्या संगमरवरी पाटीच्या मागे मात्र जाऊ नये. सातारा–रत्नागिरीकडच्या अशा बहुतेक पाट्या १९१४–१९१९ च्या युद्धाच्या आहेत.

कंपनीचा क्रमांक हाती आला की खरे काम सुरू होते. युद्धात प्रत्येक कंपनीला ‘वॉर डायरी’ ठेवावी लागे. तारीख, ठिकाण आणि त्या दिवशीचे काम, अशा रकान्यांत कंपनीचा अधिकारी ती भरी आणि महिनाअखेर ती वर पाठविली जाई. भारतीय तुकड्यांच्या डायऱ्या दिल्लीत संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे आहेत, आणि पुष्कळशा लंडनजवळ क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारातही आहेत. तेथे मध्यपूर्वेतील डायऱ्या ‘डब्ल्यू.ओ. १६९’, इटलीतील ‘डब्ल्यू.ओ. १७०’ आणि ब्रह्मदेश आघाडीच्या ‘डब्ल्यू.ओ. १७२’ या मालिकांत लावलेल्या आहेत. मालिकेतील फाइलचे शीर्षक घरबसल्या शोधता येते. आतला मजकूर पाहण्यासाठी प्रतीचे पैसे भरावे लागतात किंवा तेथे राहणाऱ्या कोणाला तरी पाठवावे लागते. इंग्लंडमध्ये एखादा भाचा, पुतण्या शिकत असेल तर त्याच्या एका मोकळ्या दिवसाचे हे काम आहे. तेथे छायाचित्रे काढण्यास परवानगी असते.

डायरीत काय मिळेल? पुलाची लांबी, सुरुंगक्षेत्राची जागा, रस्ता किती वाजता खुला झाला, पाऊस, तळ हलविल्याची नोंद, मृत व जखमींची संख्या. आजोबांचे नाव बहुधा मिळणार नाही. अधिकाऱ्यांची नावे येतात, जवानांची क्वचित. सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. खडकीच्या २१ व्या फील्ड कंपनीतील या अधिकाऱ्याने १९४१ च्या प्रारंभी ॲबिसिनियातील मेटेम्माच्या पुढे चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरील १५ सुरुंगक्षेत्रे साफ करवून घेतली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. त्यांच्याबरोबर जमीन चाचपडत चाललेल्या सॅपर्सची नावे त्या गौरवपत्रात नाहीत. हे उदाहरण देण्याचे आणखी एक कारण आहे. ‘आफ्रिकेत सुरुंग काढले’ एवढे ऐकले की अनेक कुटुंबे आपल्या माणसाला थेट भगतांच्या तुकडीत नेऊन बसवितात. सुरुंग काढणे हे प्रत्येक फील्ड कंपनीचे नित्याचे काम होते, आणि आपले आजोबा १९४१ च्या ‘सुमारास’ भरती झाले असतील तर त्या वेळी ते खडकीला प्रशिक्षणातही नसण्याचा संभव अधिक.

आजोबांना शौर्यपदक किंवा ‘मेन्शन’ (अधिकृत अहवालात गौरवाचा उल्लेख) मिळाले असते तर लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्रात त्यांचे नाव आले असते. युद्ध पदकाच्या फितीवर लहानसे ओकचे पान बसविलेले दिसत असेल तर गॅझेट अवश्य शोधावे. आपल्या छायाचित्रात ते मला दिसले नाही.

प्रश्न : माझे चुलत आजोबा खडकीहून १९४१ मध्ये मलायाला गेले आणि परत आलेच नाहीत. घरी तार आली होती म्हणतात, पण ती कोणी जपली नाही. काही जण म्हणतात की ते आझाद हिंद सेनेत गेले. शोध कोठून घ्यावा?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आपल्या बाबतीत शोधाची दिशा उलट आहे. जो परत आला त्याची नोंद तुटपुंजी राहते. जो युद्धात मरण पावला त्याचे नाव राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या यादीत असते आणि ती यादी विनाशुल्क पाहता येते. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतचे मृत्यू तीत धरलेले आहेत. दल, क्रमांक, मृत्यूची तारीख आणि काही वेळा वडिलांचे नाव व गावही मिळते. मलायातील ज्यांची समाधी ज्ञात नाही, अशांची नावे सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर आहेत. त्या स्मारकावर एकूण २४,००० हून अधिक नावे आहेत.

तेथे नाव न सापडल्यास शोध मलायापुरता ठेवू नये. १५ फेब्रुवारी १९४२ च्या सिंगापूरच्या शरणागतीनंतर जपान्यांनी हजारो भारतीय युद्धकैद्यांना मजुरीसाठी न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनपर्यंत नेले. न्यू ब्रिटनमधील राबाउलजवळच्या युद्धस्मशानात मलायातून नेलेल्या भारतीय जवानांच्या समाध्या आहेत. कैद्यांविषयी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीकडेही विचारणा करता येते, मात्र ती समिती वर्षातून ठरावीक वेळीच, मर्यादित संख्येने विनंत्या स्वीकारते. आझाद हिंद सेनेसंबंधीचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असून त्याच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शीर्षके शोधता येतात. तीही चौकशी करावी, परंतु आयोगाची यादी पाहिल्यानंतर. मृत्यूची तारीख १९४२ च्या जानेवारी–फेब्रुवारीतील निघाली, तर ते सेनेत गेल्याची गोष्ट आपोआपच बाजूला पडेल, कारण सेनेची उभारणी त्या शरणागतीनंतरच मोठ्या प्रमाणावर झाली.