उताराच उतरवून काढणारा दहावीतला मुलगा

‘वाचतो सगळं, पण सारांश लिहायला सांगितला की उताराच उतरवून काढतो. याला काही समजतच नाही का हो, मॅडम?’ लालबागहून आलेल्या एका आईने हा प्रश्न विचारला. दहावीच्या वर्षात अनेक पालक अशीच काळजी बोलून दाखवतात. राज्य मंडळाच्या मराठी कुमारभारतीच्या परीक्षेत पत्रलेखनाला पर्याय म्हणून अपठित उताऱ्याचा एक-तृतीयांश सारांश आपल्या शब्दांत लिहायचा असतो. मुलाच्या वहीवर ‘स्वतःचे शब्द वापर’ असा शेरा होता. तो योग्यच होता, परंतु ते कसे साधायचे हे त्याला कोणीच शिकवले नव्हते.

उतारा मुंबईच्या रेल्वेवर होता. मुलाच्या सारांशात १६ एप्रिल १८५३ ही तारीख, बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटरचे अंतर, १४ डबे, सुमारे ४०० प्रवासी, साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिने आणि २१ तोफांची सलामी असे सारे क्रमाने आले होते. मात्र १९२५ साली व्हीटी ते कुर्ला विजेवर गाडी धावू लागली आणि पुढे उपनगरे वाढत गेली, हा उताऱ्याचा गाभाच राहून गेला होता, कारण तोवर शब्दमर्यादा संपली होती. समासात त्याने पेन्सिलीने शब्द मोजलेले दिसले.

मी वही मिटवली आणि म्हटले, ‘हा उतारा आजीला सांगायचा आहे असं समज आणि सांग.’ तो जरा थांबून म्हणाला, ‘आधी गाडी ठाण्यापर्यंतच होती. नंतर विजेच्या गाड्या आल्या आणि लोकांना लांब राहून कामाला येता येऊ लागलं.’ आई त्याच्याकडे पाहतच राहिली. तोफांचे काय, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘त्या नसल्या तरी चालतील, पण गाळलं तर मार्क जातील ना?’

मुलाला समजत होते. गाळण्याची भीती वाटत होती. अशी मुले वरून क्रमाने वाक्ये उचलतात आणि अधलेमधले शब्द वगळतात. अ‍ॅन ब्राउन आणि जीन डे यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातही लहान विद्यार्थ्यांची हीच पद्धत दिसली, तर सराईत लेखक निरनिराळ्या परिच्छेदांतील मुद्दे एकत्र करून नव्या वाक्यात मांडत होते. हे कौशल्य वयाबरोबर आपोआप पुरेसे येत नाही, ते शिकवावे लागते, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून आम्ही क्रम बदलला: आधी तोंडी सांगायचे, मग उतारा झाकून लिहायचे आणि शेवटी उतारा उघडून नावे व सने पडताळायची. प्रत्येक तपशिलापाशी ‘हे वगळले तर पुढचे कळेल का?’ एवढेच विचारायचे. आपले शब्द म्हणजे रेल्वेच्या जागी आगगाडी लिहिणे नव्हे, आणि आपले मत घालणे तर नव्हेच, हे मात्र मला त्याला वारंवार सांगावे लागले.

आता तो दुसऱ्या टोकाला जाऊन चार ओळींतच आटोपतो आणि त्यात कारणे सुटतात. त्यामुळे आईला सुचवले आहे की, रोज संध्याकाळी त्याच्याकडून वर्तमानपत्रातील एक बातमी ऐकावी, मध्ये चुका काढू नयेत आणि त्याचे सांगून झाल्यावर ‘पण हे असं का झालं?’ एवढा एकच प्रश्न विचारावा.