मुळातच गंजलेलं प्लुटोनियम

प्रश्न: सर, मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरमधे प्लुटोनियम आहे म्हणतात, त्याचा निखाऱ्यासारखा लालबुंद फोटो पण पाहिला. आमच्या गेटाला एका पावसाळ्यात गंज धरतो, मग एवढं तापलेलं मेटल गंजत नाही, वितळत नाही, हे कसं? (बारावीचा विद्यार्थी, डिचोली)

उत्तर: बाब, फोटोत दिसतं ते मेटल नव्हेच. ते आधीच गंजवून आत ठेवलंय! नाव प्लुटोनियम डायऑक्साइड, एका प्लुटोनियमला दोन ऑक्सिजन. तुझ्या गेटावरचा गंज म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, आणि तुमच्या डिचोलीतनं ट्रक भरभरून जायचं ते लाल खनिजही लोखंडाचा ऑक्साइडच, इतके पावसाळे खाऊन मातीत तसंच पडून आहे कारण ऑक्सिजनशी जे जोडायचं ते केव्हाच जोडून झालंय. चुलीतल्या राखेला काडी लावून बघ, पेटते का.

शुद्ध प्लुटोनियम मात्र भलतंच चिडकं. ६४० डिग्रीला वितळतं, त्याआधी तापवताना पाच वेळा आतली रचना बदलतं आणि दरवेळी आकारमान कमीजास्त, आपल्या जूनसारखी दमट हवा लागली तर भराभर गंजून फुगतं, त्याची पूड पडते आणि ती बारीक पूड आपोआप पेटही घेते. ऑक्साइडला वितळायला २७०० डिग्रीच्या वर जावं लागतं आणि तोवर रचना तीच, दर प्लुटोनियमभोवती आठ ऑक्सिजन. कॅल्शियम फ्लोराइडची रचना आम्ही फळ्यावर काढायचो ना, अगदी तीच.

करतात कसं? नायट्रिक ॲसिडमधल्या प्लुटोनियमच्या द्रावणात ऑक्झॅलिक ॲसिड घालायचं, ऑक्झॅलेटचा साका बसतो, तो गाळून भाजायचा. जास्त तापमानाला भाजाल तेवढं चिवट, आपल्या कौलासारखं. मग नुसत्या नायट्रिकला दाद देत नाही, उकळत्या ॲसिडात थोडं हायड्रोफ्लोरिक घालावं लागतं तेव्हा कुठे हळूहळू विरघळतं.

एरवी याचा रंग पिवळट हिरवा नाहीतर तपकिरी. लाली आहे ती उष्णतेची, प्लुटोनियम-२३८ (प्लुटोनियमचा एक किरणोत्सारी प्रकार) अल्फा कण, म्हणजे हेलियमची अणुकेंद्रं, सोडत राहतं त्याची, आणि फोटोसाठी गोळीवर थोडा वेळ ग्रॅफाइटचं पांघरूण घातलं होतं म्हणून उष्णता आत कोंडून ती एवढी लाल झाली. रोव्हरमधे हे ४.८ किलो होतं, सुरुवातीला उष्णता साधारण २००० वॅट आणि त्यातनं वीज ११० वॅट, म्हणजे घरातला दीड पंखा. अजून एक गंमत, अल्फा कण ऑक्सिजनच्या जड भावंडांवर, ऑक्सिजन-१७ आणि १८ वर, आपटले की नको असलेले न्यूट्रॉन उडतात, म्हणून हा ऑक्साइड करताना ऑक्सिजनसुद्धा निवडून १६ वाला घेतात. ताटातले खडे वेचावेत तसं!

हे शहाणपण ठेच लागून आलंय. १९६४ मधे एका अमेरिकन उपग्रहात प्लुटोनियम मेटलच होतं, तो कक्षेत पोचलाच नाही, परत येताना वरच्या हवेत जळाला आणि सुमारे किलोभर प्लुटोनियम वातावरणात पसरलं. पुढे जळून विखुरणारच नाही असं इंधन हवं असा आग्रह आला, आणि ऑक्साइड तर आधीच जळालेला.

प्रश्न: आणि समुद्रात पडलं तर? आम्ही मासे खाणारी माणसं. (गृहिणी, बेतूल)

उत्तर: पाण्यात हे जवळजवळ विरघळतच नाही. खरी भीती बारीक धूळ श्वासातनं फुफ्फुसात बसण्याची, गिळलं तर बरचसं तसंच बाहेर पडतं (म्हणून गिळू नका, बाय). अपोलो-१३ या चंद्रमोहिमेबरोबरचं ३.८ किलो प्लुटोनियम १९७० मधे पॅसिफिकमधे टोंगाजवळच्या खोल दरीत गेलं, तिथे गळती सापडली नाही. आणि १९६८ मधे निंबस उपग्रहाचं रॉकेट कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात पडलं तेव्हा तर काही महिन्यांनी तळातनं इंधनाच्या कुप्या शाबूत काढल्या आणि तेच इंधन पुढच्या निंबसला वापरलं.